धर्मा भोईरची नळी

रामचंद्र घरत तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. ज्याच्या घरी कुणी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, त्याच्या घरी तो येऊन गेलेलाच असतो. पनवेलच्या एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं ब्रदर होता. रिटायर होऊन गावी आला, पण घरी बसवेना. मग स्कूटरच्या पुढ्यात पत्र्याची पेटी ठेवून गावोगाव फिरायला लागला. कुणाची जखम धुवायची, कुणाची लघवीची पिशवी बदलायची, कुणाला नाकातून पोटात नळी घालायची. उरणच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली की लोक त्यालाच फोन करतात. हात असा हलका, की नळी घशाखाली उतरली तरी पेशंटला ठसका लागत नाही. त्याचा त्याला थोडा गर्वही होता. हे त्यानंच मला सांगितलं, म्हणून बोलतोय. पुढचंही सगळं त्यानंच सांगितलं, एकदाच, आणि तेही दिवसाउजेडी. रात्री तो ही गोष्ट काढत नाही. मी काढतोय, कारण तुम्ही मागे लागलात. मोबाइल उलटे ठेवा.

तारीख हवी तर लिहून घ्या. अठ्ठावीस जानेवारी, दोन हजार पंचवीस. मंगळवार. दिवसा चतुर्दशी होती, संध्याकाळी साडेसातनंतर अमावास्या लागली. रात्री दहा चाळीसला रामचंद्रचा फोन वाजला. शेवखारचा प्रज्योत भोईर.

"रामचंद्रदादा, परत निघाली नळी," प्रज्योत म्हणाला. "या ना जरा. रात्रीचं फीड अर्धं पण गेलं नाय."

"सकाळी येतो की."

"सकाळपर्यंत उपाशी ठेवू त्यांना?"

रामचंद्रची बायको तुळशी पलंगावरूनच म्हणाली, "चार दिवसांत चौथ्यांदा जाताय. त्या माणसाला नको असेल ती."

"आपण काय डॉक्टर हाव?" रामचंद्र म्हणाला. "घरचे सांगतात, आपण घालतो." तीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. मफलर गुंडाळला, पेटी स्कूटरवर ठेवली आणि निघाला.

शेवखारचा रस्ता तुम्हांला ठाऊक आहे. हायवेला ओळीनं उभे असलेले ट्रेलर संपले की डावीकडे वळायचं. तिथून तीन किलोमीटर दोन्ही बाजूंना मिठागरं. लांब बंदराचे पिवळे दिवे दिसतात, पण रस्त्यावर त्यांचा उजेड पडत नाही. अमावास्येची भरती चढत होती. बांधाला पाणी थापा मारत होतं. रामचंद्रला ह्या रस्त्याची भीती अशी कधी वाटली नव्हती. तो विचार करत होता नळीचा.

कारण हिशेब लागत नव्हता. धर्मा भोईर, प्रज्योतचा बाप, वय एकोणऐंशी. गणपतीत पहिला झटका आला, डिसेंबरात दुसरा. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणं जवळजवळ गेलं. डावा हात तेवढा हलायचा. त्या हातानं त्यानं पहिल्याच आठवड्यात नळी उपसली, म्हणून त्या हाताला कापूस भरलेला मोजा चढवून तो खाटेच्या दांडीला बांधला. बांधला कुणी, तर रामचंद्रनंच. त्यानंतर महिनाभर नळी जागेवर होती. आणि आता शनिवारी निघाली, रविवारी निघाली, सोमवारी निघाली. मोजा जसाच्या तसा. पट्टी जशीच्या तशी.

रामचंद्रचा संशय सुनेवर होता. हेमाली मऊ काळजाची. सोमवारी तो नळी घालून बाहेर आला, तेव्हा ती ओट्याशी पाठ करून उभी होती आणि डोळे पुसत होती. काढत असेल तीच, असं त्याला वाटलं. तिला बाजूला घेऊन समजवायचं, असं ठरवून तो वाड्याच्या गेटाशी थांबला. वाडा म्हणजे जुना नव्हे, प्रज्योतनं ट्रान्सपोर्टच्या धंद्यावर बांधलेला नवा बंगला. खाली ग्रॅनाइट, वर काचा.

आता मागचं थोडं सांगतो, नाहीतर तुम्हांला पुढचं कळणार नाही.

धर्माची बायको जनी. आम्ही सगळे तिला जनीकाकी म्हणायचो. चाळीस वर्षं मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिलं तिनं. तळहात असे खरखरीत, की लहानपणी तिनं गालाला हात लावला तर ओरखडा उठायचा. म्हातारपणी तिचा मेंदू विझत गेला. आधी नावं विसरली, मग घर विसरली, शेवटी खाणं विसरली. विसरली असं बाकीचे म्हणायचे. धर्मा म्हणायचा, तिला नको हाय. चमचा ओठाशी नेला की ती दात आवळून तोंड फिरवायची. तेव्हा तिला नळी लावली. ती उपसायची. परत लावली. परत उपसली. एकदा नाकातून रक्त आलं. मग तिचे दोन्ही हात खाटेला बांधले.

पाच महिने.

सगळं विसरलेली बाई, पण रामचंद्र आला की त्याला ओळखायची. "सोर रं," म्हणायची, म्हणजे सोड रे. "सोर. हात सोर माजे." तो म्हणायचा, काकी, तुझ्या भल्यासाठीच हाय. दोन हजार बावीसच्या जूनमध्ये ती गेली. गेल्यावरच हात सोडले.

तिच्या तेराव्याला जेवणं झाल्यावर धर्मा मांडवात उभा राहिला. कधी चारचौघांत न बोलणारा माणूस. सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "मना ती नली लावू नका. भूक लागली तं चमच्यानी द्या. न्हाय लागली तं ऱ्हाऊ द्या. पन माजे हात कुनी बांधायचे न्हायत." रामचंद्र तिथं होता. प्रज्योतही होता. मीसुद्धा होतो.

आणि तरी लावली. प्रज्योत वाईट मुलगा नाही, हे लक्षात ठेवा. बापाला जरा ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारा. पण भीती होती त्याला. बाप उपाशी मेला असं कुणी म्हणेल, ह्याची. आणि आपणच आपल्याला म्हणू, ह्याची जास्त.

तर रामचंद्र घरात शिरला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. प्रज्योत दारातच होता, डोळे लाल. हेमाली जिन्याच्या पायरीवर बसलेली. रामचंद्रनं पेटी खाली ठेवली आणि तिलाच विचारलं, "वहिनी, खरं सांगा. नळी तुम्ही काढता का?"

ती म्हणाली, "मी त्या खोलीत रात्रीची जातच नाय, दादा."

"का?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं. प्रज्योतनं मान वळवली. मग ती हळू म्हणाली, "बाबा बोलतात रात्रीचे."

"त्यांची वाचा गेली हाय, वहिनी."

"म्हणून तर जात नाय."

आजारी माणसाच्या घरी जागरणानं लोकांना काय काय ऐकू येतं, हे रामचंद्रनं पुष्कळ पाहिलं होतं. तो खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. काम करताना घरची माणसं आत नकोत, ही त्याची सवय.

खोली थंड होती. एसी बंद होता, तरी थंड. भाड्यानं आणलेली हॉस्पिटलची खाट, उशाशी औषधं, पावडरचा डबा. कोपऱ्यात भिंतीवर छोटा कॅमेरा. तो नवीन दिसत होता. आणि एक वास होता. खाजणाचा. भरतीचं पाणी चिखलात शिरतं तेव्हा येतो तो. खिडक्या तर काचेच्या, घट्ट लावलेल्या.

धर्मा जागा होता. डावा हात मोज्यात, दांडीला बांधलेला. मोजा सुटलेला नव्हता, सैलही झालेला नव्हता.

नळी स्टुलावर होती.

उपसलेली नळी कशी पडते, हे रामचंद्रनं हजारदा पाहिलेलं. जमिनीवर, लांब, चिकट, फीड सांडलेलं. ही तशी नव्हती. ही धुतलेली होती. गोल वेटोळं करून ठेवलेली. नाकावरची चिकटपट्टी बाजूला, नीट घडी घातलेली.

काय रे निकेत, हसतोस? हस. रामचंद्रलासुद्धा आधी रागच आला. घरातलंच कुणी खेळ करतंय, असं त्याला वाटलं. त्यानं पेटी उघडली. नवं पाकीट फोडलं. सोळा नंबरची नळी. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून बरगड्यांच्या मधल्या खळगीपर्यंत मापून खूण केली. टोकाला जेली लावली.

"धर्माकाका," तो म्हणाला, "गिळायचं हां. गिळा."

धर्मानं दात आवळले.

तोंड आवळून नाकातल्या नळीला काही अडत नाही. ते धर्मालाही ठाऊक असणार. तरी त्यानं आवळले. अर्धा चेहरा मेलेला, त्या अर्ध्या जिवंत चेहऱ्यानं त्यानं रामचंद्रकडे असं बघितलं, की रामचंद्रनं नजर काढून नळीकडे लावली. हात त्याचा नेहमीसारखाच हलका होता. नळी गेली. खुणेपर्यंत गेली. पट्टी लावली.

आता नळी पोटातच आहे की चुकून फुप्फुसात गेली, हे बघावं लागतं. सिरिंजमध्ये हवा भरायची, नळीतून सोडायची, आणि स्टेथो पोटावर ठेवून ऐकायचं. पोटात असेल तर बुडबुडा वाजतो. रामचंद्रनं स्टेथो कानांत घातला. चकती धर्माच्या पोटावर ठेवली. दुसऱ्या हातानं सिरिंज दाबली.

बुडबुडा वाजला नाही.

परत दाबली. काही नाही. लांब समुद्राचा असतो तसा एक आवाज. मग तोही नाही...

मग त्यातून आला.

"सोर..."

रामचंद्रनं धर्माच्या तोंडाकडे बघितलं. ओठ मिटलेले. दात आवळलेले.

"सोर रं..."

बाईचा आवाज. थकलेला. कानांत घातलेल्या त्या दोन नळ्यांतून, आत. त्यानं स्टेथो काढायला हात उचलला.

हात उचलेना.

मनगट धरलेलं होतं. डावं. मग उजवंही. कुणी दिसत नव्हतं. खोलीत तो आणि धर्मा. पण मनगटांवर तळहात होते. गार. ओले. आणि खरखरीत. ओरखडा उठेल इतके खरखरीत...

त्यानं जोर केला. साठी ओलांडलेला गडी, पेशंट उचलून उचलून कमावलेले खांदे. जोर केला. हात इंचभर हलले नाहीत. ओरडायला गेला. प्रज्योत दाराबाहेर दहा पावलांवर. आवाज फुटेना.

एक मिनिट.

दोन मिनिटं.

बांधलेल्या माणसाला वेळ कसा जातो, ते त्याला तेव्हा कळलं. नाकाला खाज आली. साधी खाज. हात नेता येईना. तेवढ्यानं त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"...पाच महिने."

हे स्टेथोमधून आलं की त्याच्या डोक्यात आलं, ते त्याला आजही सांगता येत नाही.

त्यानं धर्माकडे बघितलं. धर्मा त्याच्याकडे बघत नव्हता. खाटेच्या पलीकडे बघत होता. उभ्या माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर. आणि तो अर्धा जिवंत चेहरा हसत होता. म्हातारपणी सकाळी उठून बायको दिसल्यावर माणूस हसतो, तसा.

पट्टीचं टोक सुटलं. आपोआप. हळूहळू. मग नळी सरकली. वीतभर बाहेर आली. थांबली. धर्मानं श्वास घेतला. परत वीतभर. त्याला दुखू नये अशी. त्याला ठसका लागू नये अशी. रामचंद्र सांगतो, एकतीस वर्षांत एवढ्या हलक्या हातानं नळी निघालेली मी बघितली नाही. माझ्या हातूनही नाही.

नळी चादरीवर आली.

आणि रामचंद्रला आवाज फुटला. तो मोठ्यानं नाही, हळूच म्हणाला, "काकी, चुकलं माझं."

मनगटं सुटली नाहीत.

मग त्याला कळलं. नुसतं चुकलं म्हणून भागणार नव्हतं. तो म्हणाला, "सोडतो. त्याचा हात सोडतो. बघ तू."

रामचंद्रचे हात मोकळे झाले. त्यानं धर्माच्या मनगटावरची पट्टी सोडली. मोजा काढला. आत बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. धर्मानं हात उचलला, नाक खाजवलं, आणि हात छातीवर ठेवून डोळे मिटले.

खाजणाचा वास गेला होता.

दार उघडून प्रज्योतनं डोकावलं. "झालं?"

"न्हाय," रामचंद्र म्हणाला. "होणार बी न्हाय. माझ्या हातानं न्हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी नळी घालणार न्हाय. आज न्हाय, उद्या बी न्हाय."

प्रज्योतचा आवाज चढला. "दादा, तुमचं काम आहे ते. मग काय करू मी, उपाशी मारू बापाला? भावकी काय म्हणेल? आईला लावली, बापाच्या वेळेला कंटाळला, असं म्हणतील."

"म्हणू देत."

"तुम्हांला सोपं आहे बोलायला."

"सोपं न्हाय," रामचंद्र म्हणाला. तो खाटेला टेकून उभा होता. "नळी वाईट न्हाय, प्रज्योत. गेल्या महिन्यात जबडा मोडलेल्या ट्रेलर ड्रायव्हरला घातली. तीन आठवड्यांत काढली. आता पाव मटण खातो. त्याला ती हवी होती. तुझ्या बापाला नको. ती आपण त्याच्या भुकेसाठी घालत न्हाय, आपल्या भीतीसाठी घालतो. तेराव्याला तुझ्यासमोर, माझ्यासमोर सांगितलंय त्यानं. आपण दोघांनी ऐकलं आणि दोघांनी मिळून त्याला बांधलं."

"डॉक्टरनं लिहिलंय."

"डॉक्टरनं तुला विचारून लिहिलंय. जनीकाकीचे हात बांधा म्हणून डॉक्टरनं लिहिलं, तू सांगितलंस, पण बांधले मी. मी म्हणायचो, आपण काय डॉक्टर हाव. ते संपलं आता."

प्रज्योतनं खिशातून मोबाइल काढला. "ठीक आहे. सकाळी नवी मुंबईतनं नर्स मागवतो."

"मागव." रामचंद्रनं दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि खोलीच्या उंबऱ्यावर आडवी ठेवून बसला. "मी इथं हाय. ती आली की तिला सांगेन म्हाताऱ्यानं काय सांगितलं होतं ते. मग घालते का बघू. तुला मला उचलून बाहेर टाकायचं असेल तर टाक. तुझी चार पोरं हायत गॅरेजवर, बोलव त्यांना."

"दादा, उठा."

"न्हाय."

जिन्यावरून हेमाली उठून आली. ती खुर्चीच्या बाजूला उभी राहिली, नवऱ्याकडे तोंड करून. "त्या नर्सला मी पण सांगेन," ती म्हणाली.

रामचंद्रनं मान वळवून कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. मग विचारलं, "कॅमेरा कधी लावलास?"

"सोमवारी, तुम्ही गेल्यावर."

"काय दिसलं?"

प्रज्योत भिंतीला टेकला. मोठा दांडगा माणूस, पस्तीस ट्रेलरचा मालक, तो तिथंच खाली बसला, फरशीवर.

"आई नाय दिसली," तो म्हणाला. "कुणीच नाय दिसलं. नळी निघताना दिसली. तीनदा बघितलं मी ते." त्यानं मोबाइल फरशीवर उलटा ठेवला. "बाबा हसत होते, दादा. झटका आल्यापासून माझ्याकडे बघून एकदा पण नाय हसले."

"बघूनसुद्धा मला बोलावलंस?"

"मला वाटलं, आई त्यांना न्यायला आली. मी कसा देऊ?"

रामचंद्र म्हणाला, "न्यायला न्हाय आली ती. सोडवायला आली. दोन्हींत फरक हाय."

त्या रात्री कुणी झोपलं नाही. पहाटे हेमालीनं तांदळाची पेज केली, पातळ, गाळून. रामचंद्रनं धर्माला पाठीशी उशा देऊन ताठ बसवलं, हनुवटी खाली करायला लावली, आणि चमचा प्रज्योतच्या हातात दिला. "ओठाला लाव. त्यानं तोंड उघडलं तरच. फिरवलं तर थांबायचं."

धर्मानं तोंड उघडलं. दीड चमचा घेतला. मग तोंड फिरवलं.

प्रज्योत चमचा धरून तसाच बसला. "एवढंच?"

"एवढंच," रामचंद्र म्हणाला. "एवढीच हाय त्याची भूक. आपली जास्त हाय."

सकाळी उरणचे डॉक्टर आले. त्यांना रात्रीचं कुणी काही सांगितलं नाही, तेराव्याचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "हे मला आधी सांगायला हवं होतं. आहेत त्यापेक्षा ते बरे होणार नाहीयेत. त्यांनी स्वतः नको म्हटलं असेल तर नको. तोंड ओलं ठेवा, कुशी बदला, कफाचं औषध देतो. ठसका लागला तर घाबरू नका, मला फोन करा."

धर्मा बारा दिवस होता. ह्या बारा दिवसांत त्यानं काय काय घेतलं ते हेमालीला आजही पाठ आहे. नारळपाणी, पेज, दोन वेळा निवट्या माशांच्या कालवणाचा रस, एकदा बोटाला लावून ताडगोळ्याचं आईस्क्रीम. कधी चार चमचे, कधी काहीच नाही. शेवटी नुसता ओला कापूस ओठांवर. हात मोकळा होता, तो नातवंडांच्या डोक्यावरून फिरायचा. प्रज्योत खाटेशीच बसायचा, गॅरेजवर गेला नाही.

लोक बोलले. बोलणारच. भावकीतले बाळाजी भोईर सहाव्या दिवशी आले आणि ओटीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पैशेवाल्यांच्या घरात बाप उपाशी मरतो, असं कधी बघितलं न्हवतं."

प्रज्योत मान खाली घालून उभा राहिला. रामचंद्र खोलीतून बाहेर आला. रोज येत होता तो, कुणी बोलावलं नाही तरी. म्हणाला, "बाळाजीदादा, तुमचे हात द्या."

"कशाला?"

"खाटेला बांधतो. जास्त न्हाय, आज रात्रीपुरते. नाकातून नळी घालतो, दर तीन तासांनी पावभर पावडरचं पाणी सोडतो. तुम्हांला नको असलं तरी. सकाळी सांगा कसं वाटलं. मग मी आत जाऊन धर्माकाकाला लावतो, ह्या सगळ्यांसमोर शब्द देतो."

त्यानं खरोखरच पट्टी काढली खिशातून. बाळाजी हात मागे घेऊन बसले. त्यांनी चहा घेतला, आणि जाताना आत जाऊन धर्माच्या कपाळावर हात ठेवला. त्यानंतर त्या घरात कुणी 'उपाशी' हा शब्द काढला नाही.

नऊ फेब्रुवारीला, रविवारी, दुपारी सव्वातीनला धर्मा गेला. भरउन्हात, सगळे खोलीत असताना. प्रज्योतचा हात त्यानं डाव्या हातानं धरलेला होता. तो सैल पडला, एवढंच. त्या दिवशी कुणाला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही.

रामचंद्रनं काम सोडलेलं नाही. नळी अजूनही घालतो. पण आधी खाटेशी बसतो, घरच्यांना बाहेर पाठवतो आणि पेशंटलाच विचारतो. बोलता येत नसेल तर हात हातात घेऊन विचारतो. नको म्हटलं की पेटी उचलून बाहेर येतो आणि घरच्यांशी भांडतो. दोन घरांनी त्याला हाकलून दिलंय. त्याला त्याचं काही नाही.

आता एवढंच राहिलं.

धर्माच्या तेराव्यानंतर तो घरी पेटी साफ करायला बसला. तळाशी सोळा नंबरच्या नळ्यांची नऊ पाकिटं होती. उरणच्या मेडिकलमधून आणलेली, कंपनीची, चारही बाजूंनी चिकटवलेली. त्याच गठ्ठ्यातलं एक पाकीट त्यानं त्या मंगळवारी फोडलं होतं आणि ती नळी सरळ होती. बाकीच्या नऊंना हात लागलेला नव्हता. त्यानं एक पाकीट उजेडात धरलं. मग दुसरं. मग सगळी.

आठ त्यानं पुरली, कुठं ते सांगत नाही. एक माझ्याकडे दिलं. मी ते भिंगाखाली बघितलंय, मेडिकलवाल्याला दाखवलंय. पाकीट कुठंही फुटलेलं नाही, परत चिकटवल्याची खूण नाही. आत नळी आहे. आणि नळीला मधोमध गाठ आहे. मिठागरातल्या बायका गोणीचं तोंड आवळायला मारायच्या, तीच... दुहेरी, करकचून.